डावीकडे म्हणजे हो

बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात अख्खी वस्ती लोटली होती. मधोमध माझ्या दादाची जुनी, लाल, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार माणसाच्या चालीनं पुढे सरकत होती. ड्रायव्हरच्या जागी वहिनी, हात जोडून. शेजारी महाराज, सीटमध्ये कसेबसे कोंबलेले.

"बोल, आत्म्या! डावीकडे म्हणजे हो, उजवीकडे म्हणजे नाही! तू या गाडीत आहेस का?"

स्टिअरिंगला कुणाचाही हात नव्हता. तरी ते हललं आणि गाडी संथपणे डावीकडे वळली. पत्रे ठोकणाऱ्या गॅरेजवाल्यानंसुद्धा हात जोडले. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. मी हाडांची डॉक्टर, सांगाडे रोज बघते; पण त्या स्टिअरिंगचं कातडं दादाच्या तळव्यांनी झिजलं होतं, आणि ते त्याच्या हातांशिवाय फिरत होतं.

"बायकोवर रागावून तू मुद्दाम झाडावर गाडी घातलीस का?"

पुन्हा डावीकडे. वहिनीनं ओंजळीत तोंड लपवलं.

काही महिन्यांपूर्वी एका सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. दादा दार आपटून निघाला आणि वळणावरच्या झाडापाशी संपला. गाडीला मात्र फारसं लागलं नव्हतं. लगेच पत्रा ठोकून, रंग मारून ती घरी आली, आणि वहिनी तीच चालवू लागली. "सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग हातात हलतं हो, वन्सं," ती मला म्हणाली होती. "मी इकडे वळवलं की हे तिकडे ओढतात. अजून राग गेला नाही ह्यांचा." ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

महाराजांनी निकाल दिला. "उद्या एकटी जा. ते वळण आलं की हात सोड, डोळे मीट. तो नेईल तिकडे जा. तरच क्षमा!"

म्हणजे वहिनीही त्याच झाडावर. आणि ती जाणार होती. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

लोकांचे डोळे स्टिअरिंगवर खिळले होते. लंगडणारा रुग्ण आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे बघते. त्याच सवयीनं मी चाकांवरच्या मडगार्डकडे नजर ठेवली. "आणखी एक प्रश्न विचारा की, महाराज," मी म्हणाले. त्यांनी विचारला, आणि उत्तर यायच्या आधीच डावं मडगार्ड खाली दबलं. महाराज हळूच दाराकडे कलले होते. आत्म्याला एवढं वजन कुठून आलं?

"महाराज, जरा उतरता का? दादाला पाय पसरून बसू द्या."

"अविश्वासानं आत्मा बिथरतो, ताई!"

"बिथरू द्या. सख्खा भाऊ आहे माझा, लहानपणापासून बिथरायचाच."

लोक हसले, तेव्हा त्यांना उतरावंच लागलं. कुंपणाशी वाळूची पोती पडली होती. मी ती त्यांच्या जागी, दाराला टेकवून रचायला लावली, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि हात वर केले.

"पोत्यांनो, बोला! तुम्ही अंतर्ज्ञानी आहात का?"

गाडी डावीकडे वळली. मग पोती माझ्या अंगाशी ओढून घेतली.

"महाराज खरं बोलतात का?"

गाडी उजवीकडे गेली. आता हशा आवरेना. महाराजांना अचानक कुठेतरी जायचं आठवलं.

वहिनी मात्र हसली नाही. "पोत्यांनी वळली, मान्य. पण मी एकटी असते तेव्हा कोण ओढतं, वन्सं?"

प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर मिळालं नाही तर ती उद्या हात सोडणारच होती.

मी इंजिन बंद केलं आणि तिला स्टिअरिंगवर बसवलं. "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं हलवत राहा." मी गाडीखाली सरपटत गेले. वर स्टिअरिंग चांगलं फिरत होतं, खाली चाक जागचं हलत नव्हतं. मधेच कुठेतरी ती हालचाल वाया जात होती. गुडघा तपासते तसा एकेक सांधा मी हाताखाली धरला. चाकाला जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा बोटांखाली खटखटला. वाटीतला गोळा पार सैल झाला होता.

"वहिनी, खाली ये. तूच हात लाव."

ती मातीत आडवी झाली. आता स्टिअरिंग मी हलवलं. खट. खट.

"हा सैल असला की चाक सरळ राहत नाही," मी म्हणाले. "रस्त्याचा उतार, वारा, शेजारच्याचं वजन, जे ढकलेल तिकडे जातं. तू वळवतेस ते आधी ऐकत नाही, मग एकदम ऐकतं."

सांधा चाचपत ती खालून म्हणाली, "इथे गंज चढलाय. आणि गंजावर लाल शिंतोडे आहेत."

मी पुन्हा वाकून पाहिलं. तिचं बरोबर होतं. ते नव्या रंगाचे शिंतोडे होते. रंग मारला तेव्हा, म्हणजे अपघातानंतर लगेच, गंज आधीच चढलेला होता. वरचा पत्रा ठोकला गेला, खाली कुणी वाकलंच नव्हतं.

"म्हणजे त्या सकाळी ह्यांच्याही हातात..."

"हो. हेच स्टिअरिंग होतं."

"मग ते मुद्दाम..."

"त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, वहिनी. महाराजांनाही नाही. पण वळायचं म्हटलं तरी ही गाडी धड वळत नव्हती, एवढं आपल्या हाताला लागलंय."

ती गाडीखालीच रडली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

वाचकहो, आपलं माणूस गेलं की त्याचा स्पर्श आपण सगळीकडे शोधतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्याच्या नावानं कुणी तुम्हाला हात सोडायला सांगितलं, तर आधी इंजिन बंद करा, खाली वाका आणि स्वतः हात लावून पाहा.

नवा सांधा बसवल्यावर वहिनी मला घेऊन त्याच रस्त्यानं गेली. गाडी सुतासारखी सरळ चालली. "आता कुणीच ओढत नाही हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग ते वळण आलं. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गाडी वळवली.