एकादशीची गोळी

ताराबाईंचं डोकं दुखायचं ते एकादशीलाच. त्याचं कारण देवाला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं, फक्त ताराबाईंना मान्य नव्हतं. तंजावरात राहून रोज सकाळ-संध्याकाळ दाट कापी, म्हणजे कॉफी, घ्यायची, आणि एकादशी आली की पाण्याचा थेंबही वर्ज्य करायचा, तर डोकं काय गप्प बसणार? पण कापीवाचून डोकं दुखतं असं कबूल केलं की निर्जळ उपासाचं मोल उतरतं. म्हणून त्या त्याला पित्त म्हणत.

सून अंबा, तिचं डोकं मात्र वार-तिथी पाहत नसे. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, घरी येऊन सोवळ्यातला स्वयंपाक करायची, आणि नवरा हनुमंतराव नोकरीपायी ओरत्तनाडूला राहत असल्यामुळे घरातली बोलणीही एकटीच खायची. मानेपासून कपाळापर्यंत कुणी ओला पंचा पिळून आवळावा तसं तिला व्हायचं. डॉक्टर सांबशिव यांनी तिला गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि देताना दटावलंही होतं. या गोळीत दुखणं मारणाऱ्या औषधाबरोबर गुंगीचं औषध आहे. अगदी सोसवेना तेव्हाच घ्यायची, पोटात काही असताना घ्यायची, रोज घ्यायची नाही. झोपेच्या दुसऱ्या औषधाबरोबर तर मुळीच नाही. आणि चिठ्ठी तुमच्या नावाची आहे, तेव्हा गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. अंबाने मान डोलावली होती. डॉक्टरांपुढे आपण सगळेच मान डोलावतो. पुढे ती गोळी रोज घेऊ लागली, आणि एखाद्या दिवशी चुकली की डोकं दुप्पट ठणकू लागलं, हे मात्र तिने डॉक्टरांच्या कानावर घातलं नव्हतं.

त्या वर्षीची वैकुंठ एकादशी आली. या दिवशी देवळात वैकुंठाचं दार उघडतं, आणि एकादशी-द्वादशीच्या या दोन दिवसांत ज्याला मरण येतं तो सरळ आत जातो, असं गल्लीतली लहान मुलंही सांगतील. ताराबाईंची एकादशी कधी मोडली नव्हती. बाळंतपणात नाही, तापात नाही, नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा नाही. मराठ्यांच्या राज्यापासून तंजावरात राहिलेल्या सगळ्या घरांत सुनांना त्यांचं उदाहरण देत, आणि सुना मनातल्या मनात त्यांना दुवा देत नसत.

दुपारी ताराबाईंचं डोकं असं उठलं की त्या खांबावर कपाळ आपटू लागल्या. रिकाम्या पोटी कोरड्या ओकाऱ्या येत होत्या. अंबाला ते पाहवेना. हे दुखणं काय असतं ते तिच्याहून जास्त कुणाला कळणार? तिने आपली बाटली आणली आणि म्हणाली, "औषध म्हणजे गंगाजळ, अम्मा. गंगाजळानं उपास मोडतो काय?"

ताराबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला. "कोणाला सांगूं नोको. सांगट्लीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

तीर्थाच्या पळीने गोळी पोटात गेली. दिवेलागणीला ठणका पुन्हा वर आला, तेव्हा दुसरी गेली. सासूबाई रोज निजताना झोपेचं मिक्श्चर घेतात, हे अंबाला आठवत नव्हतं असं नाही. पण एकादशीला त्या त्या बाटलीला शिवतही नसत. म्हणून ती निर्धास्त झोपली.

द्वादशीचं पारणं सकाळी लवकर करायचं असतं. अंबा न्हाऊन, सोवळं नेसून अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची भाजी आणि आवळ्याची पचडी करायला लागली. रोज तिच्या आधी उठून चुका काढणाऱ्या ताराबाईंची चाहूल लागेना. ती खोलीत गेली. हाक मारली, हलवलं, मग सोवळंओवळं विसरून गदागदा हलवलं. ताराबाई घोरत होत्या. घोरणं मध्येच थांबायचं, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचं. ओठ काळपट दिसत होते.

घराच्या पुढच्या भागात चुलतसासरे वेंकटराव राहत. ते आले, त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि हात जोडले. "वहिनीचं भाग्य. वैकुंठाला निघाली." अंबाने डॉक्टर आणू या म्हटल्यावर ते चिडले. आयुष्यभराच्या एकादश्यांचं फळ हातात पडतंय, आणि तुला सुया टोचायला माणूस हवाय? तोवर शेजारच्या बायका जमल्या. कुणी तुळस आणली, कुणी पाया पडू लागल्या. एकजण तर हळूच म्हणाली की असं मरण मागून मिळत नाही. रडत कुणीच नव्हतं. अंबाला वाटलं, आपल्यालाच वेड लागलंय की काय.

तेवढ्यात तिची नजर पलंगाखाली गेली. मिक्श्चरची बाटली तिथेच होती. बाटलीवर चिकटवलेल्या मापाच्या पट्टीवरून दिसत होतं की काल रात्रीचा डोस गेलेला आहे. शेजारी काचेचा पेला, तळाशी लालसर थेंब. अंबाने पेला उचलून हुंगला. गोळी गंगाजळ, तर मिक्श्चरही गंगाजळच. आपण शिकवलं, आणि सासूबाईंनी प्रथमच आपलं ऐकलं.

आता हे एकट्या तिला ठाऊक होतं. बोलावं तर ताराबाईंच्या जन्माची पुण्याई या सगळ्यांसमोर धुळीला मिळणार. शिवाय मेलेल्या तोंडाची शपथ मानेवर. न बोलावं तर ते तोंड तिच्यासमोर काळं पडतच होतं. देवा, मला कुणीतरी सांगा, असं ती मनात ओरडत होती, आणि सांगणारं कुणी नव्हतं. हनुमंतरावांना निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. तिचं स्वतःचं डोकं फुटायला आलं होतं. गोळ्यांची बाटली फडताळात होती, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे या घटकेलाही तिचा हात तिकडे ओढ घेत होता.

वेंकटरावांनी काशीहून आणलेली गंगेची लोटी फोडली. ताराबाईंच्या तोंडात त्यांनी पळीभर पाणी घातलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कडेने ओघळलं, आणि घशात खळखळ झाली. त्यांनी दुसरी पळी भरली.

अंबाने त्यांचं मनगट धरलं. त्या घरात सुनेने सासऱ्याचा हात कधी धरला नव्हता. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

"अम्मा वैकुंठाला जात नाहीत, काका. काल त्यांनी माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या घेटल्या. मीच दिल्या. वर झोपेचं औषध घेटलं. हे देवाचं बोलावणं नव्हे, माझी चूक आहे."

पाया पडणाऱ्या बायका मागे सरल्या. वेंकटराव एवढंच म्हणाले की ही पोर खोटं बोलते, वहिनीने एकादशीला असं करणं शक्य नाही. अंबाने वाद घातला नाही. तिने सासूबाईंना कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी बाहेर गळू दिलं, पुन्हा कुणी पळी लावली तर मी हाडं मोडीन असं काहीतरी बोलली, आणि ओल्या सोवळ्यानेच अनवाणी रस्त्यावर धावली.

डॉक्टर सांबशिव दाढी अर्धवट टाकून आले. दोन्ही बाटल्या पाहिल्या, किती आणि केव्हा ते विचारलं. अंबाने सगळं सांगितलं, आपण रोज घेतो तेही सांगितलं. ते रागावले नाहीत, याचीच तिला भीती वाटली. घोड्याच्या जटक्यात घालून ताराबाईंना सरकारी इस्पितळात नेलं. नाकाला प्राणवायूची नळी लावली, सलाइन चढवलं. त्या जगतील की नाही हे कुणी सांगेना. डॉक्टर मात्र जाताना म्हणाले, की काय घेतलंय हे कळलं नसतं तर म्हातारपणचा झटका समजून आम्हीही हात जोडून बसलो असतो. अंबाच्या गोळ्या त्यांनी खिशात घातल्या. एकदम बंद करायच्या नाहीत, आकडी येते; माझ्याकडे येत जा, मी मोजून देईन, हळूहळू उतरवू, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीत आलं तेव्हा ताराबाईंनी डोळे उघडले. अंबा पलंगाशी बसली होती, आदल्या दिवसापासून पोटात काही नसलेली. ताराबाईंनी खोली पाहिली, नळी पाहिली, इस्पितळाची चादर पाहिली. त्यांना सगळं उमगायला फार वेळ लागला नाही.

"पारणं?" त्यांनी विचारलं.

"टळून गेलं, अम्मा."

"कोणी सांगट्लं?"

"मी."

ताराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंबाने पुसायला पदर पुढे केला, तो त्यांनी ढकलला. शक्ती नव्हती, तरी ढकलला. उद्यापासून गल्लीतल्या सुना काय बोलतील, ते त्यांना ऐकू यायलाही लागलं असावं.

"माझं तोंड पाहूं नोको," त्या म्हणाल्या, आणि कष्टाने भिंतीकडे वळल्या.

अंबा उठली नाही. म्हातारीची पाठ रागाने वरखाली होत होती, कालच्यासारखी मध्येच न थांबता. तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं, तरी ती त्या पाठीकडे बघत बसून राहिली.