सांधू नका मला

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची वाकी आहे, आणि आता फार थकले आहे. नांदूरघाटच्या सोनाराने मला घडवले, तेव्हा आमच्याकडे निजामाचे राज्य होते. बायनाबाई धनगरणीने मोठ्या हौसेने मला आपल्या सुनेच्या, कडूबाईच्या उजव्या दंडात घातले. त्यांच्यात नवरा गेल्यावरच वाकी उतरायची.

कडूबाईच्या कामाला अंत नव्हता. शेळ्यांच्या धारा, ताकाची रवी, सगळीकडे मी तिच्याबरोबर राबले.

मग तिच्या उजव्या स्तनात गाठ झाली. लाजेपायी तिने ती खूप दिवस लपवली. शेवटी नवऱ्याने, धुळाजीने, तिला हैदराबादला नेले. तिथे मला उतरवून त्याच्या उपरण्यात बांधले आणि तिचा स्तन काढला. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावले, "काखेतल्या बिघडलेल्या गाठी काढल्या, चांगल्या मी राखल्या आहेत. हातातलं पाणी त्याच वाटेनं उतरतं. या दंडाला काही आवळू नका, हात सुजेल."

घरी येताच बायनाबाईला आधी उघडा दंड दिसला.

"नवरा जित्ता हाय, आन दंड उघडा कावून?"

"आय, डाक्टरीण न्हाई म्हनलीय," धुळाजी म्हणाला.

"तिला काय ठावं आपलं?"

तिने मला चढवून माझ्या तोंडाशी असलेले मळसूत्र पिळून घट्ट केले. मनात वाईट नव्हते हो तिच्या. लेकाच्या आयुष्याची तिला काळजी होती.

हात सुजू लागला. कडूबाई तो पदराखाली झाकून राबत राहिली. मी रुतत गेले, मळसूत्रही मांसात बुडाले. मला सैल होता येईना, चांदीची जातच तशी. एक दिवस तिची बोटे रवीच्या दोरीवर मिटेनात. मग राधाकिशन सोनाराला बोलावले. कानस हातात घेऊन तो अडला.

"मावशी, मोडावी लागंल. मागनं अपशकुन झाला म्हनू नका."

बायनाबाईने सुनेचा हात मांडीवर घेतला. तिचे डोळे भरले होते.

"काप बाबा. माझ्या लेकाचं आयुष्य एवढ्या चांदीत असंल, तर लई हलकं म्हनायचं."

सूज उतरली, पण पुरती नाही. बायनाबाई रोज तो हात उंच धरून बोटांकडून खांद्याकडे हलकेच चोळायची. कडूबाईने पुन्हा रवी धरली. धुळाजी चांगला म्हातारा होईपर्यंत जगला.

मी पेटीत पडून आहे. कोणी बाहेर काढले की म्हणते, किती सुरेख वाकी, सांधून घेऊ या. मित्रांनो, नका सांधू. माझ्यात ही फट आहे ना, तेवढीच जागा त्या हाताला हवी होती.