लेबुसाला थंडी वाजते

हेल्मेट नारिंगी होतं आणि ते मापालेसाच्या डोक्यावर जाणार होतं, हे माकाबेलोला सहन होत नव्हतं. बाकी धाकट्या जावेशी आपलं काही वाकडं नाही, असं ती स्वतःच सांगायची. कोणी विचारलेलं नसताना सांगायची, म्हणजे काय ते समजा.

गोष्ट सरकारी कामाची. आमच्या ‘हा-मोतुबा’ गावाला रस्ता नाही. रस्ता येतो तो नदीच्या पलीकडे येऊन थांबतो. नदी फुगली की आम्ही इकडचे इकडे, मग आजारी माणूस असो की बाळंतीण. इतक्या निवडणुका झाल्या, दरवेळी कोणीतरी येऊन पलीकडच्या काठावरूनच हात हलवून जायचा. यंदा मात्र खरंच पैसा मंजूर झाला. नदीवर दगडी पूल आणि पुलापासून गावापर्यंत रस्ता. वर सरकारला कधी नव्हे ती अक्कल सुचली. बाहेरून गवंडी आणायचे नाहीत. प्रत्येक गावातून एक माणूस जिल्ह्याच्या गावी न्यायचा, चार महिने गवंडीकाम शिकवायचं आणि त्यालाच कामावर ठेवायचं. पूल उभा राहिल्यावर रस्त्याची डागडुजीही त्याच्याकडेच. म्हणजे कायमची नोकरी!

माणूस एकच आणि हात वर केले अख्ख्या गावाने. मग चीफबाईंच्या अंगणात सभा भरली. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या गवताच्या उंच टोपीत टाकल्या आणि सरकारी साहेबांनी डोळे मिटून एक उचलली.

"मापालेसा!"

बायकांनी जिभा हलवून असा काही कल्लोळ केला की खुंट्याचे घोडे बिथरले. माकाबेलोनेही केला. करावाच लागला, घरातलीच बाई निवडली गेली होती ना! पण मनात वेगळंच चाललं होतं.

मीच का नाही? आजवर सरकारी खोदकामाची पाळी आली की महिना महिना डोक्यावरून दगड कोणी वाहिले? मी. पाळी संपली की हात हलवत घरी कोण आलं? मी. नवऱ्याची खाणीतली नोकरी गेल्यापासून चार पोरांच्या तोंडात घास कोण घालतंय? आणि हिने काय केलं? दारात बसून गोधडी शिवली. ना पोर ना बाळ, एकटा जीव. हिला नोकरी कशाला हवी?

ती हे मनात म्हणाली आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज थोडा वेळ टिकली आणि हेवा मुक्कामाला राहिला.

मापालेसाचं दुःख गावाला माहीत होतं. आमच्याकडे नवी सून घरात आली की तिला होणाऱ्या लेकराच्या नावाने हाक मारतात. माकाबेलो म्हणजे काबेलोची आई. तिला काबेलो झाला, मागून आणखी तिघं झाली. मापालेसा म्हणजे पालेसाची आई. पण पालेसा काही झाली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी जो तो तिला नसलेल्या मुलीची आई म्हणून हाक मारत होता आणि ती ओ देत होती. त्यात गेल्या वर्षी नवरा लेबुसा छातीच्या दुखण्याने गेला. दवाखान्यात न्यायला त्याला घोड्यावर बांधून काठापर्यंत आणलं होतं. नदी ओसरण्याची वाट बघता बघता तिथेच त्याने मान टाकली.

चिठ्ठी निघाली त्या संध्याकाळी ती माकाबेलोच्या चुलीपाशी येऊन बसली. अंगावर विधवेचं काळं कापड होतं.

"जाऊबाई, त्या पुलात माझ्या हातचा एक तरी दगड बसेल ना, मग मला झोप लागेल बघा."

"बसेल की," माकाबेलो मक्याच्या पिठाचा पापा घोटता घोटता म्हणाली. "पण हे काळं घालून तुला नदी ओलांडता यायची नाही. माहितीये ना?"

"शनिवारी काढायचंच आहे. साहेबांची गाडी सोमवारी येणार. तुमच्याच हातून काढायचं."

तेच तर! कापड थोरल्या जावेच्या हातून निघतं. ते अंगावर असेपर्यंत विधवेने नदी ओलांडायची नाही, परक्या घरी झोपायचं नाही, दिवेलागणीनंतर बाहेर दिसायचं नाही. आणि साहेबांनी सभेत दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. निवडलेल्या माणसाला जमलं नाही तर त्याच घरातलं दुसरं माणूस चालेल. ते वाक्य बाकीचे विसरून गेले होते. माकाबेलोच्या डोक्यात मात्र ते येता-जाता वाजत राहिलं.

शनिवारी सकाळी मेंढा अंगणात बांधला होता. बायका जोआलाची, म्हणजे घरच्या दारूची, मडकी घेऊन आल्या होत्या. आतेसासू मोसेले, म्हणजे घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, कात्री घेऊन जोत्यावर बसली होती. मापालेसा मान खाली घालून समोर बसली. आणि माकाबेलो डोक्याला हात लावून बाहेर आली.

"काय गं? बरं नाही का?" मोसेलेने विचारलं.

"आत्याबाई, कसं सांगू? पहाटे लेबुसा आला होता."

बायकांनी मडकी खाली ठेवली. मेलेलं माणूस स्वप्नात आलं की त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. त्यात कोणी शंका काढत नाही.

"काय म्हणाला?"

"दारात उभा होता. कुडकुडत होता. म्हणाला, वहिनी, मला थंडी वाजते. मी अजून पोचलो नाही, माझं कापड एवढ्यात काढू नका." आणि खरंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुठून आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

मोसेलेने कात्री बाजूला ठेवली. "थोरलीला सांगितलंन, म्हणजे विचार करूनच सांगितलंन. मेंढा सोडा रे."

मापालेसाने वर पाहिलं. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती जावेकडे पाहत राहिली. माकाबेलोने मडक्यावरची माशी हाकलायला घेतली, आणि माशी केव्हाच उडून गेली होती तरी हाकलत राहिली.

"मग सोमवारच्या गाडीचं?" मोलेफीने विचारलं. हा माकाबेलोचा नवरा. साधा माणूस, सांगाल तेवढंच ऐकणारा.

"घरातलं दुसरं कोणी चालतं म्हणाले होते," माकाबेलो म्हणाली. "आता घराची संधी वाया कशी घालवायची? पण माझी लिनेओ लहान आहे हो. तिला कोण बघणार?"

लिनेओ तिचं शेंडेफळ. अजून पाठीवर बांधूनच फिरायची.

"मी आहे ना," मापालेसा हळूच म्हणाली. "मी आता कुठे जाणार आहे?"

ते शब्द माकाबेलोला झोंबले. पण सोमवारी ती नदी ओलांडून गाडीत बसली, आणि गाडी सुटल्यावर खरं सांगायचं तर तिला गाणंच सुचलं.

जिल्ह्याच्या गावी ते चार महिने तिला फार भावले. दगडाचा चेहरा कोणता नि पाठ कोणती ते कळायला लागलं. ओळंबा धरायला, सिमेंटचा मसाला कालवायला, कमानीचा मधला दगड बसवायला ती शिकली. शिकवणारे न्ताते सेखोबो, म्हणजे सेखोबो बाबा, मोठे तोंडाळ. "या बाईंचा हात बघा, नाहीतर तुम्ही, शेण थापताय काय?" असं तिच्या जोडीदारांना सुनवायचे. माकाबेलो फुगून जायची. हेल्मेट ती खोलीतसुद्धा घालून बसायची. मधेच वाटायचं, इथे मापालेसा असती तर? लगेच मन उत्तर द्यायचं, तिला कुठे जमलं असतं? नाजूक हात तिचे!

गावात फोन लागायचा तर वरच्या खडकावर चढून. मोलेफी कधीमधी चढायचा.

"लिनेओ कशी आहे?"

"मजेत आहे. वजन वाढलंय पोरीचं."

"माझी आठवण काढते का?"

"काढायची," मोलेफी म्हणाला. "बाकी तू आल्यावर बोलू. बरंच झालंय इकडे." आणि फोन कटला.

'काढायची' म्हणजे? आता नाही काढत? त्या दिवशी तिच्या हातून ओळंबा दोनदा सुटला. वजन वाढलंय म्हणे! म्हणजे माझ्याकडे काय पोर उपाशी होती? पापा तोच, पालेभाजी तीच, मग मापालेसाच्या हातात अशी काय साखर लागलीय?

शिक्षण संपलं. सरकारी गाडीने तिला पलीकडच्या काठावर सोडलं. हिवाळ्याचे दिवस होते, नदीत गुडघाभरच पाणी. पुलाच्या जागी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच दोऱ्यांच्या आत तिला पहिला थर रचायचा होता. डोक्यावर हेल्मेट, काखेत लिनेओसाठी घेतलेले लाल बूट. ती चढण चढून आली ती थेट मापालेसाच्या दारात, कारण पोर तिथेच असणार.

मापालेसा दारात बसून मका सोलत होती. अंगावर काळं नव्हतं. निळा झगा आणि खांद्यावर नवी रंगीत घोंगडी. तिच्या मांडीवर लिनेओ. पोरीचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं आणि मनगटावर मेंढ्याच्या कातड्याची पट्टी.

माकाबेलोची नजर त्या पट्टीवरच खिळली. ती पट्टी केव्हा बांधतात, ते कोणाला सांगावं लागत नाही. पोराला नवं नाव दिलं की बांधतात.

"लिनेओ, ये, आई आली बघ!"

पोरीने बूट पाहिले, बाई पाहिली आणि मापालेसाच्या घोंगडीत तोंड खुपसलं.

"लिनेओ नाही म्हणायचं आता," मागून मोसेलेचा आवाज आला. म्हातारी काठी टेकत आली, मागे मोलेफी. "ही पालेसा. लेबुसाची लेक."

"म्हणजे काय आत्याबाई? कोणाची लेक?"

"अगं, तूच नाही का सांगून गेलीस? लेबुसाला थंडी वाजते म्हणून. थंडी पडायला लागली तशी माझ्या जिवाला घोर लागला. मेलेला माणूस का कुडकुडतो? त्याच्या चुलीपाशी त्याला बाप म्हणणारं कोणी नाही म्हणून. आपल्यात रिकाम्या घराला भरल्या घरातलं पोर देतात, हे काय नवीन आहे? तुझी चार आहेत. मोलेफीला विचारलं, तो हो म्हणाला. मेंढा कापला, पोरीचं नाव ठेवलं, मग तू नव्हतीस म्हणून हिचं कापड मी स्वतः काढलं. तेव्हापासून कोणाच्या स्वप्नात आला नाही बघ. ऊब मिळाली त्याला."

"अहो, तुम्ही हो म्हणालात?" माकाबेलो नवऱ्यावर ओरडली.

मोलेफी गोंधळला. "तूच म्हणालीस ना, भावाला थंडी वाजते म्हणून? सख्खा भाऊ तो माझा. आणि पोर कुठे लांब गेलीय? अंगण ओलांडलं की तिचं घर."

तेवढंच अंगण. रोज सकाळी त्या अंगणातून कामावर जायचं, रोज संध्याकाळी यायचं, आणि आपल्या पोटच्या पोरीने दुसरीला आई म्हणून मारलेली हाक ऐकायची. पूल होईपर्यंत. पूल झाल्यावरही. नोकरी कायमची होती ना!

तिने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. "खोटं होतं ते!" ती किंचाळली. "मला कसलंही स्वप्न पडलं नव्हतं. लेबुसा आला नव्हता. हिची चिठ्ठी निघाली म्हणून मी जळत होते. मला जायचं होतं. म्हणून मी बनवून सांगितलं. झालं समाधान? द्या माझी पोर."

शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन थबकल्या. मोसेलेने एखाद्या जावेच्या जळफळाटाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि तोंडाने च्यक् च्यक् केलं.

"काय गं हा मत्सर! हिची चिठ्ठी निघाली त्या दिवशीच तुझा चेहरा मी पाहिला होता, पण म्हटलं जाऊ दे, आपलीच सून आहे. तुला नोकरी मिळाली. आता हिच्या मांडीवर एक पोर बसली, तर तेही बघवेना? आणि त्यापायी मेलेल्या माणसाला खोटं पाडतेस? रडली होतीस गं तू त्या सकाळी. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"आत्याबाई, शपथ घेऊन सांगते, त्या दिवशी खोटं बोलले, आज खरं बोलतेय!"

"दमलीस तू. घरी जा, निज जरा."

कुंपणापाशी एक बाई दुसरीच्या कानात कुजबुजली, "बाई गं, किती जळावं एखादीने!" आणि ते मुद्दाम ऐकू जाईल असंच कुजबुजली.

माकाबेलोने मापालेसाकडे पाहिलं. त्या अंगणात तिच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते तिला त्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. मापालेसाला सगळं ठाऊक होतं. आज नाही, मेंढा सोडला त्या शनिवारपासून ठाऊक होतं. तिने नुसतं म्हणावं, 'आत्याबाई, जाऊबाई खरं बोलताहेत', की म्हातारीला ऐकावं लागलं असतं.

"सांग ना गं," माकाबेलोचा आवाज फाटला. "तुला माहितीये. सांग ना यांना."

मापालेसा उठली. पोरीला तिने पाठीवर घेतलं, घोंगडीची गाठ छातीवर पक्की मारली आणि खाली पडलेलं हेल्मेट उचलून, त्याची धूळ झग्याच्या टोकाने पुसून जावेच्या हातात दिलं.

"जपून ठेवा जाऊबाई," ती म्हणाली. "सोमवारपासून काम आहे तुमचं." आणि ती पालेसाला भरवायला आत गेली.