गेटवरचा हेमराज

सलाइन थेंबथेंब उतरत होतं आणि ग्लानीत हेमराज पुन्हा कारखान्याच्या गेटवर उभा होता. भट्टीचा केशरी उजेड ढगांवर चढत होता, पण झळ कशी ती लागत नव्हती. धुक्यातून एकेक कामगार हेल्मेट दाखवत आत सरकत होता.

तीस वर्षं हेमराजनं सेफ्टीचं काम केलं. उघड्या डोक्याच्या माणसाला त्यानं कधी आत सोडलं नाही. "मले काय होते, साहेब?" म्हणणाऱ्यांना तो शिव्या घालून परत धाडायचा.

तो रिटायर झाल्यावर बायकोनं, वंदनानं, आरोग्य विम्याचा फॉर्म तीनदा त्याच्या पुढ्यात ठेवला. तिन्ही वेळा तो हसून म्हणाला, "मले काय होते?"

काल संध्याकाळपर्यंत खरंच काही झालं नव्हतं. मग पावर हाउस भागातल्या बाजारात भाजी घेताना छातीत कळ आली.

"अहो," वंदनाचा आवाज फार दुरून आला. ती हॉस्पिटलच्या काउंटरवरून परतली होती. "ऑपरेशन लागते म्हणतात. इन्शुरन्सचं कार्ड मागून राहिले. काय सांगू त्याईले?"

गेटवरची रांग थांबली. सगळे हेमराजकडं पाहू लागले. त्याचा हात आपसूक डोक्याकडं गेला.

बोटांना नुसते विरळ केस लागले.