टायरवरचा खडू

बाबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, खडू असतो. रुंद चाकं बसवलेली गाडी त्या खडूशिवाय आमच्या वर्कशॉपच्या दाराबाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम. टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, गोल पांढरी रेघ ओढायची, गाडीत दोन माणसं बसवायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, मग एक चाक फूटपाथवर चढवून उतरवायचं. जिथला खडू पुसला गेला, तिथे टायर घासतोय. तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती. त्यांना याचा जेवढा अभिमान, तेवढाच मला कंटाळा.

कारण मी पडलो शिकलेला. माझ्याकडे कॉम्प्युटर होता. रिमची रुंदी टाका, टायरची उंची टाका, कुठे किती जागा उरते ते चित्रासकट समोर हजर. त्यापुढे खडू म्हणजे मला पोरखेळ वाटायचा.

त्या दिवशी दातांचा डॉक्टर त्याची पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन आला. माणूस हौशी. त्याला मागची चाकं चांगली दोन इंच जास्त रुंद हवी होती, मडगार्डच्या कडेला अगदी भिडलेली. मी मापं टाकली, चाकं बसवली, नट आवळले. काम झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू? डॉक्टर मोबाइलवर व्हिडिओ काढत गाडीभोवती फिरत होता आणि मी पोट आत घेऊन उभा होतो.

तेवढ्यात बाबा आले. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली बसले आणि त्या कोऱ्या करकरीत टायरवर खडू ओढायला लागले.

"काय आजोबा, शाळा भरलीय का?" डॉक्टर म्हणाला. मोबाइल चालूच होता.

मी हसलो. कसनुसं नाही, चांगलं दात काढून हसलो. तेवढ्यात डॉक्टरला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेला.

"बाबा, तुम्ही आत बसा. कॉम्प्युटरवर सगळं बघितलंय."

"अरे, पण कॉम्प्युटर बसणार आहे का गाडीत? माणसं बसली, सामान पडलं, की गाडी खाली दबते. मग ती मडगार्डची आतली कड..."

"आत बसा म्हटलं ना, बाबा."

ते उठले आणि आत गेले. अर्धवट राहिलेली रेघ मी फडक्याने पुसली आणि डॉक्टर परत आल्यावर किल्ली त्याच्या हातात ठेवली.

तिसऱ्या दिवशी तीच गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर लादून आली. डॉक्टर बायकोला घेऊन बाहेरगावी निघाला होता, मागे दोन जड बॅगा. वळणावर खड्डा आला, गाडी दबली आणि मडगार्डच्या कडेने बटाटा सोलावा तसा टायर सोलून काढला. टायर फुटला, गाडी अर्धी गरकन फिरली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण डॉक्टरची बायको आमच्या बाकावर बसली होती आणि परत त्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणत होती.

"ही गाडी तपासली कोणी होती?" डॉक्टर ओरडला.

कोणीच नाही. मीच तपासू दिली नाही. एवढंच म्हणायचं होतं. मी वाकून फुटलेला टायर बघायला लागलो.

"मी," आतून बाहेर येत बाबा म्हणाले. "शेवटची तपासणी माझीच असते. हल्ली डोळ्यांना नीट दिसत नाही. चुकलं, साहेब."

म्हाताऱ्या माणसावर किती ओरडणार? डॉक्टरचा आवाज खाली आला. "या वयात कशाला करता, आजोबा?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही तरी लक्ष द्यायला नको?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "यापुढे त्यांना गाडीला हात लावू देणार नाही."

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. हे बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा तिथेच होते, त्यांनी ऐकलं आणि मान डोलावली.

घरी आईने विचारलं, तर तिलाही ते म्हणाले, "माझंच चुकलं." मी खाली मान घालून जेवलो. दुसऱ्या दिवशी मडगार्डची कड ठोकून आत वळवली, नवा टायर चढवला आणि खडू लावून तपासला. बाबांकडे खडू मागायची लाज वाटली, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी पेटी आणली होती.

आठवड्याने दुसरी गाडी आली. तशीच ठेंगणी, तशीच रुंद चाकं. मी शेवटचा नट आवळून उभा राहिलो, तर बाबा गाडीपासून चार पावलांवर. हात मागे बांधलेले.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

ज्या वर्कशॉपची पहिली वीट त्यांनी ठेवली, तिथे ते गिऱ्हाइकादेखत मला परवानगी मागत होते. मला धरणी दुभंगावी असं झालं.

"एक मिनिट, बाबा," म्हणून मी मागच्या खोलीत गेलो आणि डॉक्टरला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं. खडू त्यांनी लावला होता, मी पुसला. त्यांचे डोळे उत्तम आहेत. चूक माझी, खोटं माझं.

डॉक्टर हसला, अगदी मायेने. "अहो, कळलं मला. वडिलांचं अंगावर घेताय. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

"नाही हो, खरंच..."

"राहू द्या. माझ्या मनात काही नाही. त्यांना फक्त सांभाळा."

फोन बंद झाला. मी बाहेर आलो. बाबा अजून तिथेच उभे होते, खडू मुठीत धरून, मी काय म्हणतो याची वाट बघत.