सडलेलं सोडियम

“आधी अणूचं शेवटचं कवच बघायचं, लतिका. पदार्थ दिसतो कसा, ते नंतर.”

लतिकाला रसायनशास्त्र शिकवलेले आलोशियस सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि आता तोच विषय कॉलेजात ती शिकवत होती. तरी बावखलाच्या काठावर उभ्या असलेल्या लतिकाला त्यांचा आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटला. समोर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. काठाला बुळबुळीत फेस चिकटला होता. पदराने नाक दाबलं तरी वास घशात उतरत होता.

कॉलेजच्या मागच्या या तळ्यावर तीन वाड्यांची केळी आणि फुलं जगत. सकाळी त्यातून बाँब फुटल्यासारखा आवाज झाला होता.

“कृष्णा, काय टाकलंस रे?”

शिपाई कृष्णा जास्वंदीआड उभा होता. “कपाटातली बरणी, बाई. मोठे साहेब म्हणाले, उद्या तपासणी आहे, ते सडलंय, टाकून ये. घासलेट तेवढं मी घरी ओतून नेलं. रेशनवर दोन महिने मिळालं नाही ना! आतले पांढरे पडलेले गोळे टाकले, तर पाणीच पेटलं हो!”

सडलंय! मोठे साहेब म्हणजे प्राचार्य विलास सर. वीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं होतं. सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन दोन, आठ, एक असे फळ्यावर मांडले होते. बाहेरच्या कवचातला तो एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकायला सोडियम कायम टपलेलं; पाणी लागलं की पेटतं, म्हणून तर बरणीत घासलेटात बुडवून ठेवलेलं. निऑनचं कवच भरलेलं, म्हणून त्याला कुणाशी देणंघेणं नाही. वरून बुरशीसारखं पांढरं पुट चढलं म्हणून आतलं सोडियम म्हातारं होत नाही. हे सरांना ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

लतिकाने काठचं पाणी परीक्षानळीत घेऊन फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं; म्हणजे त्यात कॉस्टिक सोडा तयार झाला होता.

“छान रंग आलाय,” कळशी कमरेवर घेतलेली शेजारच्या वाडीतली तेरेसाबाई म्हणाली. “लग्नाच्या मांडवात सरबत म्हणून वाटायचा काय? बाय, हे पानी मी केळींना घालू की नको?”

“नका घालू. कुणालाच हात लावू देऊ नका.”

“तुमचे सर सांगत फिरतात, पोरांनी फटाका फोडला म्हणून. पंचायतीत खरं कोण सांगनार? तुम्ही?”

“मी सांगेन, तेरेसाबाई. आजच.”

विलास सर ऑफिसात बटाटवडा खात होते. तेलकट बोटांनी त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘शिपायाने कोणाचीही परवानगी न घेता बरणी फेकली.’ खाली लतिकाच्या सहीसाठी जागा होती.

“फटाका म्हणत होतात ना, सर?”

“ते लोकांसाठी. हे फाइलसाठी. आणि घासलेट चोरलंय त्याने. सुटेल कसा?”

“टाकायला तुम्ही सांगितलंत.”

“अहो, जुनाट माल होता, निष्क्रिय! मासेच मेलेत ना, माणसं नाहीत. तुमचा तर उपास असतो, तुम्हाला मासळीचं काय एवढं?” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मिशीत अडकलेला वड्याचा चुरा हलला.

लतिकाला बावखलाच्या काठावरही इतकी किळस आली नव्हती. तिथे निदान सोडियमने आपला स्वभाव पाळला होता.

“सही करा. नाहीतर प्रयोगशाळेची जबाबदारी तुमची होती, असंही लिहिता येतं मला.”

“लिहा, सर,” ती हळूच म्हणाली.

तेलाचा डाग पडलेला तो कागद बोटाचं टोकही न लावता तिने टेबलावर तसाच राहू दिला. स्टाफरूममध्ये येऊन साबणाने हात दोनदा धुतले. मग कोरा कागद घेऊन सावकाश लिहिलं: बरणीत काय होतं, ते टाकायला कुणी सांगितलं, घासलेट कुणी आणि का नेलं, पाणी कशाने बिघडलं. घासलेटाच्या ओळीने कृष्णा अडचणीत येणार होता, पण तीही गाळली नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

कॉलेजची दुपारची घंटा झाली. तो कागद घेऊन तिने चपला घातल्या आणि ती ग्रामपंचायतीच्या रस्त्याला लागली.