आर्डिथची गाऱ्हाणी

आर्डिथने गाडी पशुखाद्याच्या दुकानाआड उभी केली आणि काच थोडी खाली घेतली. रस्त्यापलीकडे नवऱ्याचा ट्रक उभा होता. व्हर्नन तळ्यावर मासे पकडायला गेला होता. निदान घरून निघताना त्याने तसंच सांगितलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून.

सत्तरी गाठलेला नवरा दर गुरुवारी दाढी घोटून तळ्यावर जातो आणि रिकाम्या हाताने परततो, तर बायकोने काय समजायचं? तिची बहीण लोइस फोनवर खिदळली होती.

"मासा नसेल गं, मासोळी असेल. जाऊन बघ तरी."

व्हर्नन ट्रकमधून उतरत नव्हता. तेवढ्यात समोरच्या विटांच्या इमारतीतून एक तिशीची बाई बाहेर आली आणि खिडकीशी वाकून बोलू लागली. त्याने नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. शेवटी तो उतरला आणि तिच्यामागून आत जाताना त्याने बाहीने डोळे पुसले.

स्वतःच्या आईच्या दफनाला न रडलेला माणूस!

ती रस्ता ओलांडून गेली आणि दारावरची पाटी न वाचताच आत घुसली. एका लहानशा खोलीत टेबलापलीकडे ती बाई होती, अलीकडे व्हर्नन. बायकोला पाहून तो असा उठला की खुर्ची मागे कोसळली.

"तू इथे काय करतेस?"

"हेच तुला विचारायला आले. तळं आटलं वाटतं?"

"तुम्ही आर्डिथ ना?" ती बाई शांतपणे म्हणाली. "मी रेनाटा सोलिस. माजी सैनिकांच्या अपंगत्व भत्त्याचं काम बघते. बसा ना."

"कसलं अपंगत्व? हातपाय धडधाकट आहेत ह्याचे. नौदलात होता तेव्हा जहाजाचा गंज खरवडला नि रंग लावला. लढाई बघितली नाही डोळ्यांनी."

रेनाटाने व्हर्ननकडे पाहिलं. "सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. मी सांगणार नाही."

दोघांमध्ये झालेली ती नजरानजर आर्डिथच्या नेमकी जिव्हारी लागली.

"म्हणजे हिला माहीत आहे आणि मला नाही. काय आहे रे? कुठल्या बंदरात पोर आहे का तुझं?"

व्हर्ननने खुर्ची उभी केली, पण बसला नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिला.

"एकोणीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आमचा वरिष्ठ होता एक. तो आणि त्याचा दोस्त. रंगाच्या कोठीत नेलं मला. दार लावून घेतलं."

"मारलं?"

"मारलं असतं तर सांगितलं नसतं का मी तुला?"

आर्डिथचा हात गळ्यातल्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ती हळूच समोरच्या खुर्चीत बसली.

"तक्रार..."

"कोणाकडे करणार? ज्याच्याकडे करायची, तोच तो होता."

बाहेर दुकानासमोर कोणीतरी पोती उतरवत होतं. धप्प आवाज झाला की व्हर्ननचे खांदे आखडत होते.

"मनावरची जखमही भत्त्यात धरतात, पण त्या वेळची काही नोंद नाही," रेनाटा म्हणाली. "म्हणून त्यानंतर माणूस कसा बदलला, ते जवळच्या कोणी पाहिलं का, असं विचारतात. मी दर वेळी ह्यांना म्हणते, बायकोला घेऊन या. हे म्हणतात, तिला काही माहीत नाही."

"नाहीच माहीत," व्हर्नन म्हणाला.

आर्डिथने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"कड्या," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. न्हाणीघराच्यासुद्धा. लग्न झालं त्याच आठवड्यात ह्याने सगळ्या उपटल्या. मी सगळ्यांना सांगायचे, रानटी माणसाशी गाठ पडलीय. आणि रंग. घर रंगवायला काढलं की हा गायब. स्वयंपाकघर मी एकटीने रंगवलं, पोटुशी असताना. ह्याच्या भावांसमोर मी ह्याला कामचुकार म्हणाले."

रेनाटा लिहू लागली.

"आमचा ग्लेन शाळेच्या कुस्तीसंघाबरोबर परगावी मुक्कामाला गेला होता. हा रातोरात तिथे जाऊन धडकला. सगळ्या पोरांदेखत प्रशिक्षकाची गचांडी धरली नि ग्लेनला उचलून घेऊन आला. का, ते सांगितलं नाही. पोरगा आता लिंकनला असतो, नाताळाला तेवढा मला फोन करतो. बापाशी बोलत नाही. मीही कधी बोल म्हटलं नाही त्याला."

हे सगळं तिने आजवर भांडणात, चर्चमधल्या बायकांत, लोइसपाशी इतक्यांदा उगाळलं होतं की शब्द आपोआप येत होते. आज ते कुठे फेकावेत, तेवढं कळत नव्हतं.

"किती लख्ख आठवतं तुम्हाला," रेनाटा म्हणाली.

"विसरू कुठे दिलं मी? ह्यालाही नाही दिलं."

व्हर्नन खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही.

बाहेर आल्यावर आर्डिथने आपल्या गाडीकडे नुसतं पाहिलं आणि ट्रकमध्ये चढून बसली. व्हर्ननने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तेव्हाच सांगितलं असतं," त्याने विचारलं, "तर खरं मानलं असतंस?"

हो म्हणणं सोपं होतं.

"माहीत नाही रे," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, जणू गेली कित्येक वर्षं तो हेच उत्तर धरून चालला होता. ट्रक निघाला. गावाबाहेरच्या चौकात घराकडे जायला डावीकडे वळायचं. व्हर्नन तिथे थांबला, मागून कोणीतरी भोंगा वाजवला तरी हलला नाही. मग त्याने चाक उजवीकडे फिरवलं, लिंकनच्या रस्त्याला.

आर्डिथने पट्टा ओढून नीट लावून घेतला.